केळीपलीकडचे यावल : तालुक्याची आर्थिक ताकद कशी मोजावी

शतकभरापूर्वीच्या इंपीरियल गॅझेटियरने यावल गावाला जेमतेम काही ओळी दिल्या आहेत. शिंद्यांनी ते निंबाळकरांना दिले, पुढे ते इंग्रजांकडे आले, एवढा इतिहास झाला की गावाची ओळख येते ती दोन वस्तूंनी: जाडाभरडा देशी कागद आणि नीळ. कागद तेव्हाही थोडाफार बनत होता. निळीच्या धंद्याच्या मात्र गावात आणि आसपास हौदांच्या खुणाच उरल्या होत्या. आज यावल-रावेर म्हटले की केळी हे समीकरण इतके पक्के झाले आहे, की या गावाने एकदा आपले नावाजलेले धंदे गमावून दुसरा संसार मांडला आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

या पुस्तिकेचा प्रश्न तिथूनच निघतो. जमीन, पाणी आणि जंगल यांच्यावर थेट न बेतलेली आर्थिक वाढ यावल तालुक्यात किती होऊ शकेल आणि ती मोजायची कशी? प्रश्न अर्थशास्त्राचा असला तरी पुस्तिका अर्थशास्त्रज्ञांसाठी लिहिलेली नाही. फैजपूर-यावलच्या महाविद्यालयांत शिकणारी मुले, ग्रामपंचायतींचे सदस्य, पतसंस्था आणि विकास सोसायट्यांचे संचालक, गावातले शिक्षक यांनी वही-पेन घेऊन हे मोजमाप स्वतः करावे, अशा बेताने पुढील प्रकरणे रचली आहेत. ते करायला बसण्याआधी काही गोष्टी मोकळेपणाने बोलायला हव्यात, म्हणून ही जरा लांबलेली प्रस्तावना.

केळीला कमी लेखण्याचा यात हेतू नाही. तापीच्या उत्तरेकडच्या या पट्ट्यात कांदेबाग आणि मृगबाग या केळीच्या हंगामांवर घरे उभी राहिली, मुले शिकली, लग्ने झाली. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ मध्ये शेजारच्या रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची मानांकित केळी दुबईला गेली. पण या समृद्धीच्या मुळाशी एक भूगर्भीय योग आहे. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यानाल्यांनी पायथ्याशी दगडगोटे आणि वाळूचा जाड थर आणून टाकला. भूजलशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावर पडलेले पाणी या थरातून झिरपते आणि खालच्या गाळाच्या जमिनीत साठते. काळ्या पाषाणाच्या महाराष्ट्रात एवढा खोल, पाणीदार गाळ फार थोड्या ठिकाणी आहे. विहिरी, मग कूपनलिका, मग आणखी खोल कूपनलिका अशा पायऱ्यांनी आपण तो उपसत गेलो आणि यावल व रावेर हे दोन्ही तालुके भूजलाच्या सरकारी पाहण्यांत अतिउपशाच्या यादीत जाऊन बसले. तापीच्या महाकाय पुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला. तो व्हायला किती दशके चर्चा झाली हे या भागातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मोजमापाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. ज्या वर्षी केळीचे उत्पन्न वाढले आणि त्याच वर्षी विहिरीची पातळी खाली गेली, त्या वर्षीच्या उत्पन्नातला काही भाग ही कमाई नसते, मुद्दल मोडलेले असते. तालुक्याच्या वाढीचा हिशेब करताना ही वजाबाकी आधी करायला हवी. ती केल्यावर जे उरते ते आजचे खरे उत्पन्न. आणि त्यापुढचा प्रश्न उरतोच, की पाण्याचा हात आखडला तर हा तालुका आणखी काय करून पोट भरेल?

या प्रश्नाचे उत्तर आज कोणत्याही सरकारी तक्त्यात मिळत नाही. अर्थ व सांख्यिकी संचालनालय उत्पन्नाचे अंदाज काढते ते जिल्ह्यापर्यंत. तालुक्याच्या उत्पन्नाचा आकडाच निघत नाही. जिल्ह्याच्या आकड्यात जळगाव शहरातल्या डाळमिल, चटई आणि पाइपचे कारखाने, सराफ बाजार, भुसावळची रेल्वे आणि वरणगावचा दारूगोळा कारखाना हे सगळे एकत्र येते. त्यात यावल शोधायचे कुठे? राज्याच्या पातळीवर तर अडचण आणखी मोठी. घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली तेव्हा विदर्भ आणि मराठवाड्याला स्वतःची मंडळे मिळाली, आणि खानदेश 'उर्वरित महाराष्ट्र' या नावाखाली मुंबई-पुण्याच्या पंगतीत बसवला गेला. पुण्याची सरासरी यावलच्या ताटात वाढली की कागदावर पोट भरलेले दिसते.

समित्यांनी काम केले नाही असे नाही. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये जिल्हावार अनुशेष काढला. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज यांत राज्याच्या सरासरीपेक्षा कोण किती मागे आहे, याचा तो हिशेब होता आणि त्याची रक्कम सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाली. महाराष्ट्राच्या राजकारणाला त्याने एक भाषा दिली. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये हा विचार पुढे नेला आणि समतोल विकासाची मांडणी अधिक व्यापक केली. तरी अनुशेष ही मागच्या उणिवेची मोजणी आहे. एखाद्या तालुक्यात रस्ता नाही हे ती सांगते. रस्ता झाला तर तिथली माणसे त्यावरून काय घेऊन जातील, हे सांगण्याची तिची जबाबदारीच नव्हती. नाबार्ड दरवर्षी जिल्ह्यासाठी संभाव्यतेवर आधारित पतआराखडा करते. त्यात पुढे पाहण्याचा प्रयत्न असतो, पण त्याचा पाया किती क्षेत्र, किती पाणी, किती जनावरे हाच राहतो. म्हणजे फिरून आपण निसर्गाने काय दिले त्याच्याच यादीवर येतो.

माणसांची मोजणी पाहिली तर तिथेही हीच गत. जनगणना काम करणाऱ्यांचे चार गट करते: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि 'इतर'. आपल्याला ज्यांच्यात रस आहे ती बहुतेक सगळी माणसे या चौथ्या खान्यात कोंबलेली आहेत. ठिबकच्या नळ्या जोडणारा, ट्रॅक्टरचा पंप दुरुस्त करणारा, केळीच्या गाड्या भरण्याचा ठेका घेणारा, प्राध्यापक, परिचारिका, मोबाईलवाला, वकील, शिंपी हे सगळे 'इतर'. आर्थिक गणना ही या कामी जास्त उपयोगाची, कारण ती पीक उत्पादन सोडून बाकीचे उद्योग-व्यवसायच मोजते. पण सहाव्या गणनेचे आकडे २०१३ चे आहेत आणि सातवीचे निकाल प्रसिद्धच झाले नाहीत. २०२१ ची जनगणनाही लांबली. तालुक्याचे आजचे चित्र हवे असेल तर ते तालुक्यानेच काढायला हवे, ही या पुस्तिकेमागची व्यावहारिक निकड आहे.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची जमीन आणि श्रम यांची पाहणी प्रसिद्ध केली. धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले संस्थेने वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची आणि सोलापूर-पुण्यासारख्या शहरांची घरोघर जाऊन पाहणी केली. एक तालुका हे अभ्यासाचे पुरेसे मोठे एकक आहे, हा विश्वास त्या पिढीत होता. आणि खुद्द या तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. शेतसारा, खंड आणि कर्ज यांवरचा शेतीविषयक कार्यक्रम तिथे मंजूर झाला आणि इतिहासाच्या पुस्तकांत तोच राहिला. पण त्याच मांडवात गांधीजींच्या पुढाकाराने खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले होते, आणि नंदलाल बोसांनी बांबू-चटयांसारख्या गावातल्याच साहित्यातून नगर सजवले होते. शेताचा प्रश्न आणि शेतापलीकडच्या हातांचा प्रश्न असे दोन्ही फैजपूरला एकत्र आले होते. पहिल्यावर आपण नव्वद वर्षे बोललो. दुसरा प्रदर्शनाच्या मांडवाबरोबरच उठला.

मोजायचे काय, हे आता थोडक्यात सांगतो. रीत पुढील प्रकरणांत सविस्तर आहे.

पहिली मोजणी कामांच्या प्रकारांची. गावात किती लोक काम करतात याआधी किती प्रकारची कामे करतात, हे लिहायचे. रिकार्डो हाउसमन आणि सेझार हिदाल्गो यांनी २००९ मध्ये देशांच्या निर्यातीवरून दाखवून दिले, की ज्या देशाला अनेक प्रकारच्या आणि इतरांना सहजी न जमणाऱ्या वस्तू करता येतात त्याची पुढची वाढ जास्त होण्याची शक्यता असते. तालुक्याला निर्यातीचे तक्ते नाहीत, पण कौशल्यांची यादी करता येते. या यादीत बंद पडलेल्या धंद्यांची माणसेही यायला हवीत. फैजपूरचा मधुकर सहकारी साखर कारखाना कर्जाच्या ओझ्याखाली बंद पडला तेव्हा ऊस गेला, गाळप गेले. पण बॉयलर सांभाळणारे, फिटर, वेल्डर, प्रयोगशाळेतले, हिशेबनीस कुठे गेले? साखर कारखाना हा शेवटी ऊस आणि पाणी यांच्याच आधारावर उभा असतो, त्यामुळे नुसते धुराडे उभे राहिले म्हणजे तालुका कच्च्या मालापलीकडे गेला असे होत नाही. त्या कारखान्याने तयार केलेले कुशल हात मात्र उसाला बांधलेले नव्हते. ते आज तालुक्यात आहेत, की चाकणला आणि सिन्नरला गेले, ही नोंद कुठल्याही ताळेबंदात नाही.

दुसरी मोजणी तुलनेची. समजा तालुक्यातल्या शंभर बिगरशेती कामगारांपैकी आठ वाहतुकीत आहेत आणि राज्यात शंभरात चारच आहेत, तर वाहतुकीत तालुका राज्याच्या दुप्पट घट्ट आहे. अर्थशास्त्रज्ञ याला लोकेशन कोशंट म्हणतात. गणित एका भागाकाराचे आहे. याची पुढची पायरी म्हणजे शिफ्ट-शेअर. दहा वर्षांत एखादा धंदा वाढला तो राज्यच वाढले म्हणून, की तो धंदा सगळीकडेच वाढत होता म्हणून, की इथे काही वेगळे घडले म्हणून, हे त्यातून सुटे करता येते. तिसरा भाग मोठा निघाला तर तिथे स्थानिक ताकद आहे. तो उणे निघाला तर सत्काराचे हार बाजूला ठेवून कारण शोधावे.

तिसरी मोजणी साखळीची. रोपापासून ग्राहकापर्यंत केळीला जी कामे लागतात, त्यांतली कोणती तालुक्यात होतात आणि कोणती बाहेर? इथे भाबडेपणा नको. केळी हिरवी असताना प्रवास सोसते, पिकल्यावर सोसत नाही. म्हणून पिकवण्याची रायपनिंग चेंबर्स दिल्लीसारख्या गिऱ्हाइकाच्या शहराजवळच राहणार. ते काम इकडे आणू म्हणणे व्यर्थ आहे. पण प्रतवारी, धुणे, खोके भरणे, पूर्वशीतकरण, शीतवाहनांची देखभाल, खोक्यांचे उत्पादन, निर्यातीचे कागदपत्र आणि तपासणी ही कामे बागेजवळ होऊ शकतात. बऱ्हाणपूर-रावेरच्या बोर्डावर भाव काय निघाला याचीच वाट पाहणारा आणि परदेशी गिऱ्हाइकाच्या प्रतीचे निकष ठाऊक असलेला, असे दोन व्यापारी एकाच गावात असतील तर त्यांची नोंद वेगवेगळी व्हायला हवी. बामणोदच्या भरिताच्या वांग्याचेही तसेच. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही मानांकन आहे. पण वांगे विकणाऱ्याला जेवढे मिळते त्यापेक्षा ते काट्यांवर भाजून, कांद्याची पात घालून विकणाऱ्याला किती जास्त मिळते, हे कोणी मांडून पाहिले आहे का?

चौथी मोजणी बायकांच्या कामाची. पापड, बिबड्या, शेवया, केळीचे वेफर, शिवणकाम, शिकवण्या या सगळ्यांना 'घरीच असते' या उत्तराखाली गाडले जाते. पुस्तिकेतली प्रश्नावली म्हणूनच 'तुम्ही काय काम करता' असे विचारत नाही. गेल्या आठवड्यात विकण्यासाठी किंवा पैसे घेऊन काय काय केले, असे विचारते.

पाचवी मोजणी जाणाऱ्यांची आणि पैशाची. या तालुक्याने शिक्षणावर मोठी गुंतवणूक केली आहे आणि शिकलेली पिढी पुणे, नाशिक, मुंबई आणि परदेशात गेली आहे. ही गळती म्हणायची की ताकद? एका आकड्याने ते ठरत नाही. गेलेल्यांपैकी कितीजण गावातल्या एखाद्या धंद्याशी पैसा, गिऱ्हाईक किंवा ज्ञान यांनी जोडलेले आहेत, हे विचारावे लागते. तसेच बँकांतल्या ठेवींपैकी किती कर्ज तालुक्यातच दिले जाते, आणि त्यातले पीककर्ज सोडून किती. जळगाव जिल्ह्याने पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींचा कडू अनुभव घेतला आहे. विश्वास हेही भांडवल आहे आणि ते आटले की नवा धंदा उभा करायला शेजाऱ्याचे पैसे मिळत नाहीत.

सहावी गोष्ट मोजणीची नाही, सीमेची आहे. तालुका सपाट नाही. खाली बागायती गावे आणि वर सातपुड्यात पावरा, भिल, तडवी वस्त्या. वरच्या पाड्यांची सरासरी खालच्या गावांत मिसळली तर दोन्ही चित्रे खोटी होतील, म्हणून ती वेगळीच मांडायची. उलट दक्षिणेला तापी ही बाजाराची सीमा नाही. यावलचा माणूस पूल ओलांडून भुसावळला कामाला जातो आणि बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने चोपड्याकडे माल जातो. कामधंद्याचा भूगोल तहसीलच्या नकाशापेक्षा मोठा आहे. मोजणाऱ्याने तो पायाखाली घालावा.

एवढे करून काय साधेल, असे विचारणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे. जळगाव हे एके काळी मोठे गाव नव्हते. रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६० च्या दशकात खानदेशच्या कापसाला भाव आणला आणि जळगाव पेठ झाले. कापूस तर साऱ्या खानदेशात होता. वाढ तिथे झाली जिथे तोलणारे, गाठी बांधणारे, हुंड्या वटवणारे आणि पुढे सूत काढणारे एकत्र आले. शंभर वर्षांनी त्याच जळगावात वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा एक जुना कारखाना घेतला आणि तिथे पपईपासून पपेन काढायला सुरुवात केली. पुढे पीव्हीसी पाइप, मग ठिबक, मग ऊतिसंवर्धित केळीची रोपे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर शिकलेल्या कामाच्या शेजारची होती. ज्या कारखान्याने केळीवर सुरुवात केली त्याने ती सोडून दिली, आणि दोन दशकांनी केळीलाच नवे रोप आणि नवी पाण्याची रीत दिली.

दुसरे उदाहरण दूरचे, पण केळीचेच. कोस्टा रिका हा मध्य अमेरिकेतला छोटा देश केळी आणि कॉफीवर जगत होता. शाळा आणि तंत्रशिक्षण यांवर त्याने दीर्घकाळ खर्च केला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेलचा कारखाना तिथे आला. २०१४ मध्ये त्या कंपनीने जुळणीचे काम हलवले, तरी देश कोसळला नाही. कारण तोवर वैद्यकीय उपकरणे बनवणारे अनेक कारखाने तिथल्या शिकलेल्या हातांवर उभे राहिले होते. आज त्या उपकरणांची निर्यात केळीपेक्षा मोठी आहे आणि केळीची निर्यातही चालूच आहे. यावलला कोस्टा रिका व्हायचे नाही. एक मोठा कारखाना येण्याची वाट पाहण्यापेक्षा तो गेला तरी मागे काय राहील हे मोजणे महत्त्वाचे, एवढाच त्यातून घ्यायचा धडा.

या पद्धतीला मर्यादा आहेत. घरोघरच्या पाहणीत माणसे उत्पन्न कमी सांगतात, उधारी लपवतात आणि सरकारी योजनेचा वास आला की उत्तर बदलतात. शे-दोनशे घरांच्या नमुन्यावरून तालुक्याचा टक्का काढताना चूक होऊ शकते. ती किती असू शकते हे काढण्याची रीत सहाव्या प्रकरणात दिली आहे आणि आकड्यासोबत ती छापावी असा आग्रह आहे. शिवाय कुठलीही यादी भविष्य सांगत नाही. ताकद आहे म्हणजे वाढ होईलच असे नाही. रस्ता, वीज, भांडवल आणि थोडी धडाडी यांची जोड लागते. पण ताकद कुठे आहे हेच माहीत नसेल तर औद्योगिक वसाहतीचा भूखंड कुठे मागायचा, तंत्रनिकेतनात कोणता अभ्यासक्रम सुरू करायचा, कोणत्या धंद्याला कर्ज द्यायचे, हे सगळे निर्णय ज्याचा आवाज मोठा त्याच्या मर्जीने होतात.

म्हणून वाचकांना एक विनंती. ही पुस्तिका कपाटात ठेवू नका. आपल्या गावापुरती का होईना, कौशल्यांची यादी या वर्षी करा आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवा. कोणाचे काम चुकून राहिले असेल तर तोच उठून सांगेल. दोन वर्षांनी तीच यादी पुन्हा करा आणि शेजारी विहिरीच्या पाण्याची पातळी लिहा. पाणी खाली गेले आणि यादीही तेवढीच राहिली, तर तालुका मुद्दल खातो आहे हे समजा आणि ते मोठ्याने बोला. यादी वाढली असेल, तर पुढच्या निवडणुकीत उमेदवाराला केळीच्या भावाबरोबर त्या यादीतल्या नव्या कामांबद्दलही विचारा.